नऊ पिल्लांची मोजणी

४ एप्रिल, शनिवार

घरी बसून आज अकरावा दिवस. निलंबनाच्या पत्रात लिहिलंय, 'चौकशी पूर्ण होईपर्यंत शहर सोडू नये.' शहर राहिलं बाजूला, मी अजून उंबरठा ओलांडलेला नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचं फरशीचं अंगण. अंगण लांबीला बारा पावलं, रुंदीला सात. तिन्ही बाजूंना भिंत, भिंतींच्या वर लोकांच्या खिडक्या. मी अंगणात पाऊल टाकलं की वरचे पडदे हलतात. घर खायला उठतं म्हणजे काय, ते सव्वीस वर्षांच्या नोकरीत कधी कळलं नाही, कारण मी घरी असायचोच कधी?

ही म्हणाली, "लिहीत जा. डोक्यातलं कागदावर उतरलं तर झोप तरी लागेल." म्हणून ही वही.

तर लिहून टाकतो. २४ मार्चला संध्याकाळच्या तुकडीतली आठ वर्षांची एक मुलगी तलावाच्या तळाशी गेली. मीच बुडी मारून तिला वर काढली, मीच छाती दाबून श्वास आणला. ती इस्पितळात आहे. मी त्या तलावावरचा जीवरक्षक. ती सापडण्याआधी दोनच मिनिटं मी सगळ्यांची डोकी मोजली होती. तुकडीच्या पाटीवर लिहिलेला आकडा तेवीस, पाण्यात तेवीस. माझी मोजणी बरोबर होती.

दुपारी लेक आली, हातात भोकं पाडलेलं खोकं. म्हणाली, "बाबा, घाबरू नका, चावत नाहीत." आत बदकाची पिल्लं. तीन दिवसांची, पिवळी, नुसता चिवचिवाट. नऊ नग.

"ही कशाला?" मी विचारलं.

"तुम्हाला कोणावर तरी लक्ष ठेवल्याशिवाय राहवत नाही म्हणून. आईवर ठेवताय सध्या, ती वैतागलीय."

तिने पिल्लं विकणाऱ्या बाईंनी दिलेला कागद पुढे केला. पोहायला कसं सोडायचं, किती वेळ सोडायचं, असलं काहीबाही. मी न वाचताच फडताळात टाकला. पोहण्यातलं मला कागद शिकवणार? आणि तेही बदकांचं?

५ एप्रिल, रविवार

सकाळी कपड्यांचा मोठा टब अंगणात ओढला, नळाच्या पाण्याने काठोकाठ भरला आणि नऊच्या नऊ सोडली. काय पोहतात! कोणी शिकवलं नाही, कोणी धरलं नाही. आमच्याकडे धडधाकट माणसं महिनाभर काठाला पालीसारखी चिकटून असतात. मी खुर्ची टाकून अर्धा तास बघत बसलो. बारा दिवसांत पहिल्यांदा हसलो असेन. वरच्या खिडक्यांकडे लक्षही गेलं नाही.

मग एक पिल्लू पाण्यात खाली खाली बसायला लागलं. पिसं चिकटून अंगाचा बोळा झालेला. टबाच्या कडा गुळगुळीत, वर यायला काही नाही. काढलं तर लटलट कापत होतं, मान टाकलेली. मी टॉवेलात गुंडाळून हिच्याकडे धावलो. तिला म्हणालो, "हे गेलं ना, तर मी पुन्हा माणसांच्या तलावावर उभा राहायच्या लायकीचा नाही. एक जरी गेलं तरी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पिल्लू माझ्या हातातून घेऊन म्हणाली, "दिव्याखाली ठेवते. तुम्ही जेवून घ्या." मी जेवलो नाही.

६ एप्रिल, सोमवार

उठलो तर खोक्यात नऊच्या नऊ, टणाटण उड्या मारतायत. कालचं कुठलं तेही ओळखू येईना, इतकं खडखडीत बरं झालेलं! जीव भांड्यात पडला. हिला सांगायला गेलो तर ही नुकतीच बाहेरून आलेली. सकाळचे साडेआठ आणि ही घामाघूम. "दूध आणायला गेले होते." दूध कालचंच अर्धं भांडं शिल्लक होतं. त्या आनंदात मी तीन पोळ्या खाल्ल्या.

७ एप्रिल, मंगळवार

लेकीने फोनवरून तोच कागद काढायला लावला आणि मोठ्याने वाचायला लावला. लाज वाटली. पिल्लांच्या पिसांना पाणी लागू नये म्हणून आईच्या अंगचं तेल लागतं. ती पंखाखाली घेते तेव्हा ते त्यांना चोपडलं जातं. यंत्रात उबवलेल्या पिल्लांना आईच नाही, म्हणजे तेल नाही. ती पोहतात झकास, पण भिजून जड होतात, गारठतात आणि बुडतात. बदक बुडतं! सव्वीस वर्षं पाण्याकाठी काढली आणि हे मला माहीत नव्हतं.

आता नियम केलेत. पाणी कोमट, कोपर बुडवून बघायचं. खोली पिल्लाला पाय टेकतील एवढीच. बाहेर यायला तिरकी फळी, तिच्यावर जुनं पायपुसणं ठोकून, म्हणजे पाय घसरत नाहीत. वेळ पाच मिनिटं, घड्याळ लावून. वर जाळी, कारण भिंतीवर मांजर येतं आणि वायरीवर कावळे टपलेले असतात. मग टॉवेलने टिपून दिव्याखाली. आत सोडताना मोजायची, मध्ये मोजायची, काढल्यावर मोजायची. मी गळ्यात शिट्टीही अडकवली. ही तोंडाला पदर लावून हसली. हसू दे.

९ एप्रिल, गुरुवार

मोठेसाहेब आले होते. तलावाचे व्यवस्थापक. एरवी मला वर बोलावून घेणारा माणूस आज माझ्या घरी येऊन स्टुलावर बसला, तेव्हाच मी समजलो की काहीतरी आहे. हिने चहा ठेवला.

"चोवीस तारखेला चौकशी आहे," ते म्हणाले. "तुमचा जबाब मी टाइप करून आणलाय. तुम्ही फक्त वाचा आणि सही करा. तुमच्या विरोधात एक अक्षर नाही त्यात."

खरंच नव्हतं. आमची पद्धत अशी: तिकीटखिडकीवरची बाई आत येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाला रबरी पट्टा बांधते आणि तुकडीत किती माणसं ते पाटीवर लिहिते. मी दर दहा मिनिटांनी शिट्टी मारतो. सगळ्यांनी काठ धरायचा. मी डोकी मोजून पाटीशी ताडतो. जुळलं की दुसरी शिट्टी, पोहणं पुन्हा सुरू. त्या दिवशी पाण्यात बिनपट्ट्याचा एक माणूस जास्तीचा होता. चोवीस माणसं, पाटीवर तेवीस. मुलगी बुडालेली असूनही माझी डोकी तेवीस भरली, ती या जास्तीच्या माणसामुळे. जबाबात लिहिलंय की तो माणूस खिडकीवालीने पट्टा न बांधताच आत सोडला.

"आणि तिचं काय होईल?" मी विचारलं.

"तिची नोकरी कच्ची आहे. दुसरीकडे लागेल कुठेतरी. तुमची सहा वर्षं राहिलीत, आणि पोलीस केस झाली तर ती कोणावर होईल ते सांगायला नको."

ही चहाचे कप उचलताना म्हणाली, "करतील हो सही. जरा शांत होऊ द्या त्यांना." कागद फडताळात ठेवलाय, पिल्लांच्या कागदाशेजारी. अजून सही केलेली नाही. करायला हरकत नाही, मोजणी तर बरोबरच होती.

११ एप्रिल, शनिवार

दुपारी पडलो असताना दारात कोणीतरी बाई बोलत होती. आवाज खिडकीवालीसारखा वाटला. उठून बाहेर येईपर्यंत हिने दार लावलेलंसुद्धा. "पत्ता चुकली होती कोणी," म्हणाली. आणि वरची कडी घातली. अलीकडे ही दिवसाही वरची कडी घालते. फोनही तिच्याच पदरात असतो. मी विचारलं तर म्हणते, "नको ते फोन येतात. तुम्हाला कशाला त्रास?" माझ्यावर जाळी टाकायची तेवढी बाकी ठेवलीय.

पिल्लं मजेत. पाच मिनिटांची सहा केली. मोजणी नऊ.

१३ एप्रिल, सोमवार

हातून चूक झाली. पिल्लं टबात आणि फळीचा खिळा निसटला. फळी पाण्यात आडवी पडली. मी घड्याळाला किल्ली द्यायला आत गेलो होतो. एक मिनिट, फार तर दीड. बाहेर आलो तर सगळी एका कडेला चढायची धडपड करतायत, एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन. घाईघाईने काढली. मोजली, आठ. पुन्हा मोजली, आठ.

फळी उचलून बघायचं धाडस होईना. ही आली आणि माझा दंड धरून मला आत नेऊन पलंगावर बसवलं. "बादलीमागे गेलं असेल एखादं. मी बघते. तुम्ही झोपेची गोळी घ्या आणि पडा." गोळीने गुंगी येते. जागा झालो तर चार वाजलेले आणि खोक्यात नऊ! "सांगितलं ना, बादलीमागे होतं," ही म्हणाली. ती नुकतीच बाहेरून आली होती, झाकणाची टोपली घेऊन. पाव आणायला गेले होते म्हणे, आणि पाव आणायचाच विसरली. वय झालं आमचं दोघांचंही.

फळीला आता चार खिळे ठोकलेत.

१६ एप्रिल, गुरुवार

पिल्लं दोन आठवड्यांची झाली. टब पुरेना, म्हणून भिंतीलगतचा धुण्याचा हौद घासून काढला. आत विटा रचून पायऱ्या केल्या. पायरीपायरीने पाणी खोल, तळाशी वीतभर. कोणी दमलं तर दोन पावलांत त्याला टेकायला जागा. असं आमच्या तलावात का नाही, असा विचार मनात आला आणि लगेच झटकला.

संध्याकाळी एकाचा पाय जाळीत अडकला. कावळ्याने वरून टोचलंही असावं. सोडवलं तेव्हा लंगडत होतं. ही म्हणाली, "आज मी माझ्या खोलीत ठेवते याला."

१७ एप्रिल, शुक्रवार

लंगडं बरं झालं! पळतंय. पक्ष्याच्या जातीचं काही सांगता येत नाही. एकाच्या चोचीवर काळा ठिपका होता तोही गेला. वाढत्या वयात असं होत असणार. हल्ली मोजणी झाली की ही स्वयंपाकघरातूनच ओरडते, "आली का नऊ?" मी "आली" म्हटलं की ताट वाढते. जणू मलाच परीक्षेला बसवलंय. मागच्या भिंतीजवळच्या कुंड्यांना मी हौदातलं वापरलेलं पाणी घालतो, तेही हिला आवडत नाही. "त्या कुंड्या उकरू नका, नवं बी टाकलंय," म्हणते. मी कशाला उकरतोय?

१९ एप्रिल, रविवार

लेक आली होती. मुलगी इस्पितळातून घरी आली, असं तिला कळलंय. चालते, बोलते. पण डोक्यावरून पाणी घेत नाही, ओल्या फडक्याने पुसून घेते. मी ऐकलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. बारा पावलं तिकडे, बारा पावलं इकडे. वर कुठलासा पडदा हलला. हलू दे.

लेक निघताना म्हणाली, "बाबा, त्या जबाबात लिहिलंय ते खरं आहे ना?"

"मोजणी तेवीसच होती," मी म्हणालो.

"मी ते नाही विचारलं."

हिने तिला दटावलं. मला उत्तर द्यावं लागलं नाही. पण जाताना लेक मला काही न बोलता गेली, तशी ती कधी जात नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

आज ही अंघोळीला गेली असताना तिचा फोन वाजला. ओट्यावरच राहिला होता. मी उचलला. पलीकडून एक बाई घाईघाईने बोलायला लागली, "मावशींना निरोप द्या हो, त्या वयाची पिल्लं आता संपली. आणखी एखादं गेलं तर बदली मिळणार नाही. आहेत ती एकदम लहान आहेत, काकांच्या लगेच लक्षात येईल."

मी फोन खाली ठेवला. खोक्यापाशी जाऊन बसलो. नऊ होती.

ही बाहेर आली, ओले केस तसेच. माझा चेहरा बघून तिने फोनकडे बघितलं आणि तिला समजलं.

"किती?" मी विचारलं.

"तीन."

"पहिलं त्याच रात्री?"

"दिव्याखाली ठेवलं तेव्हाच गेलेलं होतं. तुमच्या हातात होतं तेव्हाच."

"मला फसवलंस तू. माझ्या घरात बसून, माझ्या डोळ्यांदेखत!" मी ओरडलो. वरच्या सगळ्या खिडक्यांना ऐकू गेलं असेल.

"मग काय करायला हवं होतं मी?" तीही ओरडली. एकतीस वर्षांत ती अशी ओरडलेली मला आठवत नाही. "एक जरी गेलं तर मी लायकीचा नाही, असं म्हणालात. त्या दिवशी ताटाला शिवला नाहीत. नऊ भरली की जेवता, झोपता. दोन बस बदलून जात होते मी तुमचा आकडा आणायला. दरवेळी वाटायचं, आता हे ओळखणार. पहिल्याच दिवशी ओळखाल असं वाटलं होतं मला."

मग ती भांडी घासायला बसली, घासलेलीच भांडी. तीन पिल्लं कुंड्यांखाली आहेत. मी तिथे गेलो नाही.

२२ एप्रिल, बुधवार

आता या वहीतसुद्धा खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

तो जास्तीचा माणूस खिडकीवालीने सोडला नव्हता. तो मास्तर होता. निवृत्त शिक्षक, संधिवाताचा. त्याची तुकडी पाच वाजता संपते. पण पाण्यात त्याचे गुडघे दुखत नाहीत म्हणून तो आणखी पंधरा मिनिटं थांबतो, पट्टा खिडकीवर परत करून, फक्त माझ्या भरवशावर. अकरा वर्षं. पहिल्यांदा त्याने हात जोडून विचारलं होतं, मग विचारायचीही गरज राहिली नाही. मी मनात धरायचो, पाटीवरचा आकडा अधिक मास्तर. पाटीवर तेवीस तर मला चोवीस भरायला हवीत. अकरा वर्षांत एकदाही विसरलो नव्हतो.

त्या दिवशी तेवीस भरली, पाटीवर तेवीस दिसले आणि मी खूश होऊन दुसरी शिट्टी मारली. अधिक एक विसरलो. मुलगी तळाशी असणार आणि तिची जागा मास्तरच्या डोक्याने भरून काढली. खिडकीवालीला यातलं काही माहीत नाही. तिने लिहिलेला आकडा खरा होता.

हे मला त्या संध्याकाळीच कळलं होतं. इस्पितळाची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत कळलं होतं.

संध्याकाळी हिला सांगितलं. शेवटी म्हणाली, "सही करा. मी पाया पडते. तुम्हाला आत टाकलं तर मी या घरात एकटी काय करू?" आणि मग, भिंतीकडे बघून, "ती खिडकीवरची बाई दोनदा आली होती. मी आत घेतलं नाही." मला राग यायला हवा होता. आला नाही. आम्ही दोघं एकाच कडीच्या आत बसलोय.

२४ एप्रिल, शुक्रवार

चौकशी झाली.

महिना झाला, रस्त्यावर पाऊल टाकलं नव्हतं. ही माझ्यासोबत आली. कडी तिनेच काढली.

तलावाच्या कचेरीतली लांब टेबलाची खोली. चौकशीच्या बाई मध्ये, बाजूला मोठेसाहेब, कोपऱ्यात खिडकीवाली मांडीवर पिशवी घट्ट धरून. मास्तर काठी टेकून. आणि दाराजवळ मुलीचा बाप.

मोठेसाहेबांनी कागद पुढे सरकवला. मी तो उलटा करून ठेवला आणि अधिक एकची सगळी हकिकत सांगितली. अकरा वर्षांची सवलत, माझा विसर, सगळं. मोठेसाहेबांचा चेहरा पडला. खिडकीवालीने माझ्याकडे बघितलं नाही. ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. मला वाटलं, संपलं. छाती हलकी झाली. खोटं कशाला लिहू, थोडा अभिमानही वाटला.

तेवढ्यात मास्तर म्हणाला, "यांचं चुकतंय."

बाईंनी विचारलं, "म्हणजे?"

"मी उडीच्या फळीखाली शिडी धरून होतो. तिथे यांच्या खुर्चीवरून माणूस दिसतच नाही. यांनी मोजलं तेव्हा माझं डोकं त्यात नव्हतं. मी त्यांची नजर बघत होतो, ती माझ्यापर्यंत आलीच नाही. हे तेवीसवर थांबले."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, "मास्तर धरले नाहीत, तर तेवीस कशी भरतील? मुलगी खाली होती ना?"

मग मुलीचा बाप उठून उभा राहिला. अंगाने किरकोळ, आवाज अगदी हळू. म्हणाला, "ती तेव्हा खाली नव्हती. ती आता सांगते. शिट्टी झाली, सगळे काठाकडे गेले. तिला जाता येईना. काठ दोन हात लांब होता. तिने यांना हात केला. हे तिच्याकडे बघत होते. यांनी मान हलवली. तिला वाटलं, यांना समजलं, आता येतील. म्हणून तिने दुसऱ्या कोणाला हाक मारली नाही."

मोजताना माझी मान हलते. प्रत्येक डोक्यामागे एकदा. मला ते माहीतही नव्हतं, खिडकीवाली पुटपुटली तेव्हा समजलं. "असंच मोजतात हे," ती म्हणाली. एवढंच बोलली ती दिवसभरात.

म्हणजे मोजणी बरोबर होती. तेवीसमध्ये ती होती.

बाहेर व्हरांड्यात मुलीचा बाप माझ्यापाशी आला. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तिला एक विचारायचंय तुम्हाला. रोज विचारते आम्हाला, आम्हाला काय माहीत? येता का उद्या?"

२५ एप्रिल, शनिवार

सकाळी पिल्लं पाण्यात सोडली. मोजली नाहीत. हौदाच्या काठावर बसून एकेकाकडे बघत राहिलो, ते पायरीवर येईपर्यंत. फार वेळ लागला. पाणी गार झालं, ही कोमट पाण्याची बादली घेऊन दोनदा आली. "आली का?" असं आज तिने विचारलं नाही.

अकराला मुलीच्या घरी गेलो. दुसऱ्या मजल्यावर, अरुंद जिना. ही म्हणाली, मी खाली थांबते. मुलगी खिडकीजवळ बसली होती, केस तेल लावून घट्ट बांधलेले. पुढचा एक दात पडलेला. हे सगळं मी आज पहिल्यांदा बघितलं. तिचा चेहरा मला आठवत नव्हता. पाण्यातून काढताना मी तिचा श्वास बघत होतो.

तिची आई दारात उभी राहिली. बापाने मला बसायला खुर्ची दिली. मी बसलो नाही.

मुलगी म्हणाली, "मी तुम्हाला हात केला होता."

"हो."

"तुम्ही बघितलंत."

"हो."

"मग तुम्ही मान का हलवलीत?"

घरून निघताना मी पुष्कळ ठरवून आलो होतो. माफी मागायची, सव्वीस वर्षांचं सांगायचं, डोळ्यांवर ऊन होतं ते सांगायचं. ती माझ्याकडे सरळ बघत होती, त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"मी मोजत होतो," मी म्हणालो. "तू एकोणीस किंवा वीस असशील."

तिने थोडा विचार केला.

"मग?"

"मग पुढचं डोकं मोजलं," मी म्हणालो.